झाकली मूठ, सव्वा लाखाची

वसई पूर्वेचं सातिवली म्हणजे गाळ्यांचं गाव. मागे तुंगारेश्वरचा डोंगर, हाकेच्या अंतरावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि मधे लेथ, मोल्डिंग, पॅकिंग, गोदामं, टेम्पोंच्या रांगा. पगाराची रोकड इथे बॅगेतून येते, जमिनीचे व्यवहार चहाच्या टेबलावर ठरतात. अशा जागी कधीतरी एखाद्या गाळामालकाच्या किंवा बिल्डरच्या मनात येतं की रीतसर परवाना काढावा आणि कमरेला एक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल असावं. मग पुढचा प्रश्न येतोच: घ्यायचं कुठलं? अमेरिकेतली मासिकं या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं पानं भरतात. आपल्याकडे उत्तर अगदी वेगळ्या वाटेने मिळतं. ते थोडं कायद्यात आहे, थोडं कोलकात्याच्या एका जुन्या कारखान्यात, थोडं वसईच्या दमट हवेत आणि उरलेलं आपल्याच पंजात. या वाटेवर भेटणाऱ्या गोष्टी मात्र मोठ्या रंजक आहेत.

लपवणं ही इथे सक्ती आहे

अमेरिकेत पिस्तूल कपड्याखाली झाकून बाळगायला कित्येक राज्यांत वेगळी परवानगी लागत आली आहे. आपल्याकडे उलटा कारभार. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच खास पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवं. शर्ट वर करून दाखवणं, टेबलावर काढून ठेवणं, हवेत नाचवणं यातलं काहीही केलं तर परवाना जाऊ शकतो.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हाच केला: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही तरतूद मला मनापासून पटते. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि खाली कुणाची तरी गच्ची असते.

म्हणून खरेदीच्या यादीत पिस्तुलाच्या आधी होल्स्टर लिहावं. चाप पूर्ण झाकणारं, घट्ट, एका हाताने पिस्तूल परत आत जाईल असं. ज्या पिस्तुलाला बेतीव होल्स्टर मिळत नाही, ते कितीही देखणं असलं तरी कमरेसाठी बाद. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर पिस्तूल ठेवणारी माणसं आहेत. किल्ली चापात अडकायला एक क्षण पुरतो.

वाघनखं आणि गुप्ती

झाकलेल्या शस्त्राशी मराठी माणसाची ओळख पिस्तुलाच्या फार आधीची. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा, अफझलखानाची भेट. बोटांत बसणारी, मुठीत दडणारी वाघनखं प्रत्येक मराठी पोराला शाळेआधीच ठाऊक होतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ती बघायला लोक लोटले. हीच ती प्रतापगडावरची, असं खात्रीने सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयानेच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. पण आकार बघितला की कारागिराची बुद्धी कळते: वरून दोन अंगठ्या, आतून पंजा.

त्यानंतरची गुप्ती. हातात साधी काठी, आत पातं. आज ती बिनपरवाना घेऊन फिरलात तर तीही शस्त्र कायद्याखाली येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं म्हणजे कायद्याच्या नजरेत हत्यार, घरकामाची आणि शेतीची अवजारं सोडून.

सगळं बत्तीसवरच का येतं

जगभर कमरेला लावायच्या पिस्तुलांमध्ये राज्य आहे ९ मिमीचं. जर्मनीच्या गेओर्ग लुगरने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आणलेलं हे काडतूस आज बहुतेक देशांच्या फौजा वापरतात. आणि नेमकं म्हणूनच ते भारतात सामान्य नागरिकाला बंद आहे. फौजेचं आणि पोलिसांचं काडतूस ज्यात बसेल असं हत्यार आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. हा नियम किती गंभीर आहे ते मुंबईने पाहिलंय. संजय दत्तच्या खटल्यात एके-५६ बरोबर एक ९ मिमी पिस्तूलही होतं, आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली.

मग नागरिकाच्या हातात मुख्यतः उरतं .३२. दुकानदार, पोलीस, वकील सगळेच त्याला ‘बत्तीस बोअर’ म्हणतात. हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक माहिती: जेम्स बाँडच्या वॉल्थर पीपीकेचं काडतूसही हेच. १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड नावाच्या स्कॉटलंडच्या एका बंदूकप्रेमी वाचकाने लेखक इयान फ्लेमिंगला पत्र लिहून कळवलं की तुमच्या नायकाच्या हातातलं छोटं बेरेटा काही कामाचं नाही. फ्लेमिंगने ऐकलं, बाँडचं हत्यार बदललं, आणि ‘डॉ. नो’ मध्ये बूथरॉइड याच नावाचं एक पात्रही घातलं.

ताकदीचा हिशोब मात्र डोळे उघडे ठेवून करावा. बत्तीस पिस्तुलाची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची, वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास, ऊर्जा पावणेदोनशे ज्यूलच्या घरात. ९ मिमीची ऊर्जा याच्या अडीच पटींहून जास्त. बत्तीस दुबळी वाटते ना? आता दुसऱ्या टोकाने बघा: आपल्याकडे छर्ऱ्याच्या एअरगनला परवाना लागू होतो तो वीस ज्यूलच्या वर. बत्तीसची गोळी त्याच्या आठपट ऊर्जा घेऊन निघते. खेळणं म्हणण्याजोगं त्यात काहीच नाही. उलट तिचा एक मोठा गुण असा की धक्का कमी बसतो, त्यामुळे नवख्या माणसाची दुसरी गोळीही पहिलीच्या जवळ जाते.

आणि इथे एक खास भारतीय घोटाळा आहे. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत! गोळीचा व्यास जवळपास सारखा, पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि बुडाला रुंद कड असलेलं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. परवान्यावर ‘पिस्तूल’ लिहिलंय की ‘रिव्हॉल्व्हर’, हे काडतुसं घेताना पुन्हा वाचावं.

तीच काडतुसं उताणी करून बुडाशी बघितली तर कित्येकदा ‘केएफ’ ही दोन अक्षरं ठोकलेली दिसतात. के म्हणजे किर्की. आपली खडकी! पुण्याचा खडकी दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. आज तो ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीत आहे तिचं मुख्यालयही पुण्यातच. पंजाबातल्या जमीनदाराच्या पिस्तुलापासून सातिवलीच्या गाळामालकाच्या पिस्तुलापर्यंत पुणेरी काडतूस पोचलेलं असतं.

नाशिकच्या नाटकगृहातलं ब्राउनिंग

बत्तीसच्या या पिस्तुली काडतुसाचा बाप अमेरिकेतल्या यूटा राज्याचा जॉन ब्राउनिंग. १८९९ च्या सुमारास त्याने ते बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी आपल्या नव्या पिस्तुलाबरोबर आणलं. चपटं, कोटात सहज मावणारं, एकामागून एक गोळ्या सोडणारं. तोवर खिशातलं हत्यार म्हणजे फुगीर चक्राचं रिव्हॉल्व्हर. ब्राउनिंगने चक्रच काढून टाकलं आणि काडतुसं मुठीत भरली. आज कमरेला लावायचं जवळजवळ प्रत्येक पिस्तूल याच मांडणीचं आहे.

हे यंत्र किती झपाट्याने जगभर पोचलं बघा. १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्हवर युजेन शाउमानने झाडलेल्या गोळ्या ब्राउनिंगच्या पिस्तुलातून. २६ ऑक्टोबर १९०९ ला हार्बिन स्टेशनवर जपानच्या इतो हिरोबुमीला कोरियाच्या आन जुंग-गुनने टिपलं तेही ब्राउनिंगच. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २१ डिसेंबर १९०९ ला, आपलं नाशिक.

विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग, निरोपाच्या समारंभासाठी आलेला कलेक्टर जॅक्सन, आणि प्रेक्षकांत अनंत लक्ष्मण कान्हेरे. हातात ब्राउनिंग पिस्तूल. ते आलं कुठून, याची कथा शस्त्रापेक्षाही भन्नाट आहे. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं धाडली होती. तिथल्या इंडिया हाउस या वसतिगृहाचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या चोरतळात घालून मुंबईत उतरवली. पुढे हाच अमीन खटल्यात माफीचा साक्षीदार झाला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. तेव्हा वसई याच ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. ती तीन नावं आपल्या जुन्या जिल्ह्याच्या भिंतीवर कोरलेली आहेत, हे सातिवलीच्या शाळांत सांगितलं जावं असं मला फार वाटतं.

ब्राउनिंगचा शेवटही कामावरच झाला. १९२६ च्या नोव्हेंबरात, बेल्जियमच्या त्याच कारखान्यात, मुलाच्या कचेरीत, हृदयविकाराने. त्या वेळी हातात असलेला नमुना सहकाऱ्याने पुरा केला आणि १९३५ मध्ये ‘हाय-पॉवर’ नावाचं ९ मिमी पिस्तूल बाजारात आलं. आपल्या फौजेच्या आणि पोलिसांच्या कमरेला कित्येक वर्षं जे ९ मिमी दिसतं, इशापूरच्या कारखान्यातलं, ते त्याच हाय-पॉवरची भारतीय आवृत्ती. चौकीत कधी गेलात तर ओळखून पाहा.

दुकानाच्या काचेमागे

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तूल आयात करता येत नाही. नामवंत नेमबाजांना सवलत आहे, बाकीच्यांना नाही. त्याआधी देशात आलेली वॉल्थर, कोल्ट, वेब्ली हीच हातोहात फिरत राहतात, त्यांच्या किमती गाडीच्या किमतीला भिडतात. आजोबांच्या जुन्या हत्याराला असा भाव येतो याचं नवल वाटायला नको. नवं येतच नाही तर जुन्यालाच मागणी.

नवं देशी सेमी-ऑटोमॅटिक हवं तर सगळ्यात परिचित नाव ‘अशनी’. बत्तीस बोअर, कोलकात्याच्या काशीपूरच्या गन अँड शेल फॅक्टरीचं. हा देशातला सगळ्यात जुना आयुध निर्माण कारखाना. १८०१ मध्ये तो उभा राहिला आणि १८ मार्च १८०२ ला तिथे उत्पादन सुरू झालं, म्हणून १८ मार्च हा आयुध निर्माणी दिवस. म्हणजे पेशवाई चालू असताना सुरू झालेल्या कारखान्यातून आज आपल्याला पिस्तूल मिळतं.

रिव्हॉल्व्हरच्या रांगेत नावं जास्त आहेत. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून आलेलं ‘निर्भीक’, खास महिलांसाठी म्हणून जाहीर झालेलं, वजन पाचशे ग्रॅम, म्हणजे अर्धा लिटर दुधाच्या पिशवीएवढं, आणि किंमत १,२२,३६० रुपये. दागिन्यांच्या पेटीसारख्या डब्यातून ते दिलं जायचं. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीतल्या सामूहिक अत्याचाराच्या घटनेनंतर वर्षभराने आलेल्या या हत्यारावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती: रात्री उशिरा लोकलने घरी परतणाऱ्या नोकरदार बाईला सव्वा लाखाच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा स्टेशनबाहेरचा चालू दिवा आणि जागेवर असलेला शिपाई आधी हवा. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरचंच ‘प्रबळ’ आलं. वजन सातशे ग्रॅम, नळी ७६ मिमी, आणि पन्नास मीटर पल्ल्याची जाहिरात. स्वसंरक्षणाचा प्रसंग दोन-चार पावलांवर घडतो. पन्नास मीटरवरच्या माणसापासून पळून जाता येतं. प्रबळचा खरा गुण दुसराच: चक्र बाजूला उघडतं, त्यामुळे भरणं-रिकामं करणं सोपं. ब्रिटनच्या वेब्ली अँड स्कॉटचं नावही २०२० पासून उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात, संडीला इथे बनणाऱ्या बत्तीस रिव्हॉल्व्हरवर दिसतं.

जाता जाता एक मराठी अभिमानाची गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेलं ‘अस्मि’ हे ९ मिमी मशीन पिस्तूल घडवलं लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेने. चार महिन्यांत तयार, आणि त्याच्या चापासह काही भाग थ्रीडी प्रिंटिंगने केलेले. हे आपल्याला विकत मिळणार नाही, मिळूही नये. चाप दाबून धरला की मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात ते हत्यार कायद्याने प्रतिबंधित. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये प्रत्येक गोळीला चाप नव्याने ओढावा लागतो, म्हणून ते परवान्यावर मिळू शकतं.

पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर

खरी निवड इथे आहे, म्हणून थोडं थांबूया.

सेमी-ऑटोमॅटिक चालतं कसं? गोळी पुढे जाते, रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते, तिच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते, पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग स्लाइडला पुन्हा पुढे लोटते आणि जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीच्या मागच्या टोकात बसतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. पण त्यासाठी हात स्थिर लागतो. मनगट सैल सोडलं तर स्लाइडला पुरता आधार मिळत नाही आणि पिस्तूल अडकतं. हा दोष हत्याराचा नाही, पकडीचा.

दुसरी गंमत: छोटं पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल, हा समज नेमका उलटा आहे. लहान पिस्तुलाला धक्का जास्त जाणवतो, मुठीवर करंगळीला जागा राहत नाही, दोन माशीबिंदूंमधलं अंतर कमी म्हणून नेम चुकतो, आणि स्लाइड ओढायला जोर जास्त लागतो. लपवायला सोयीचं ते चालवायला अवघड. म्हणून आपला पंजा, आपलं मनगट, चापापर्यंत पोचणारं बोटाचं पहिलं पेर हे तपासून मधला आकार निवडावा. सांधे दुखणाऱ्या माणसाने किंवा ज्यांना स्लाइड ओढताच येत नाही त्यांनी मुकाट्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं. त्याच्यात काडतूस फुटलं नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढचं येतं. पिस्तुलात तेच घडलं तर स्लाइड ओढून अडकलेलं काढावं लागतं, आणि भीतीने कापणाऱ्या हातांना ते सरावाशिवाय जमत नाही. पिस्तूल चपटं, कमरेला उठून दिसत नाही, काडतुसं जास्त मावतात. रिव्हॉल्व्हर जाड, पण समजायला सोपं. माझं मत विचाराल तर वर्षातून एकदाही रेंजवर न जाणाऱ्याने सेमी-ऑटोमॅटिकच्या वाटेला जाऊ नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे ठाऊक नसल्याने माणसं जिवाला मुकतात: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. नळीत बसलेलं एक काडतूस तसंच राहतं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं. घरात लहान मुलं असतील तर हत्यार कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात.

रिव्हॉल्व्हरही निर्धोक नाही. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवा. विरारचा मुलगा म्हणून या पट्ट्याने ज्याच्यावर जीव टाकला तो गोविंदा जुहूच्या घरून कोलकात्याला निघाला होता. परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना खाली पडलं आणि गोळी सुटली, असं त्याच्या व्यवस्थापकाने सांगितलं. गोळी डाव्या पायाला लागली, शस्त्रक्रिया झाली, माणूस सुदैवाने सावरला. जुन्या धाटणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसाशी टेकलेला असतो; हत्यार पडलं, आदळलं की काडतूस फुटू शकतं. नव्या रचनेत चाप ओढल्याशिवाय घोडा तिथवर पोचू न देणारा अडसर असतो. म्हणून विक्रेत्याला किमतीआधी विचारायचा प्रश्न: हे पडलं तर काय होईल?

वसईचा पाऊस आणि अंगाचा घाम

परदेशी सल्ले इथे कुचकामी ठरतात. तिकडे जाकीट असतं, इकडे मे महिन्यात सुती शर्ट पाठीला चिकटतो आणि पिस्तुलाचा आकार जसाच्या तसा उमटतो. सैल, न खोचलेला शर्ट किंवा कुर्ता आणि जाड चामड्याचा पट्टा, एवढ्यावर आपलं भागतं. साध्या पट्ट्याला पिस्तूल लटकवलं की पँट एका बाजूला ओढली जाते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं.

घाम म्हणजे मिठाचं पाणी. त्यात वसईची खाडीकडची हवा आणि चार महिने पाऊस. काळ्या रंगाचं ब्लूइंग केलेलं पोलाद या हवेत आठवड्यात तांबूस ठिपके धरतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार रात्रभर ठेवलं तर चामड्यातला ओलावा काम आणखी वाढवतो. संध्याकाळी काढायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, तेलाचा हलका हात फिरवायचा. तेल जास्त झालं तर काडतुसांत शिरून दारू खराब करतं. सातिवलीच्या गाळ्यांत लेथ सांभाळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. गंज म्हणजे काय ते त्याला पुरतं कळतं. खंडेनवमीला याच गाळ्यांत मशिनला झेंडूची माळ पडते, आणि ज्याच्याकडे परवाना आहे तो पाटावर पिस्तूलही ठेवतो. पूजेआधी ते रिकामं केलेलं असावं, एवढं घरातल्या बाईमाणसांनी जरूर विचारावं.

परवान्याची शिडी, भराभर

१ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं, पहिले आयुक्त सदानंद दाते. त्यामुळे सातिवलीकराचा अर्ज आयुक्तालयाकडे जातो. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरच्या पालघर जिल्ह्यात हेच काम जिल्हाधिकाऱ्यांचं. वय किमान २१, पोलीस चौकशी, आणि हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. नकार आला तर अपील करता येतं. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला एक स्वतंत्र क्रमांक असतो.

२०१९ पर्यंत एका माणसाला तीन हत्यारं चालत, आता दोनच. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. बिनपरवाना, म्हणजे बातम्यांतला ‘गावठी कट्टा’ बाळगणाऱ्याला कैद ठरलेली आहे, आणि तो कट्टा स्वतःच्याच हातात फुटतो ते वेगळं. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या किंवा कंपनीच्या गल्ल्याचा नाही: भावाला, ड्रायव्हरला, अंगरक्षकाला ‘जरा सांभाळ’ म्हणून देणं हाही गुन्हा.

निवडणूक लागली की छाननी समिती यादी बघते, आणि ज्यांना सांगितलं जातं त्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. विमानाने जाताना ते आधी सांगून, रिकामं करून सामानात द्यायचं, केबिनमध्ये कधीच नाही.

बिबट्याची भीती वाटते म्हणून परवाना हवा, असं तुंगारेश्वरच्या पायथ्याशी कुणी म्हणालं तर तिथेच थांबवावं. तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे आणि बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. २०२४ च्या उन्हाळ्यात थेट वसई किल्ल्यात बिबट्या शिरला होता. वनखात्याने पिंजरे लावले, आठवड्यांमागून आठवडे वाट पाहिली आणि एकही गोळी न झाडता त्याला पकडून नेलं.

परवान्याच्या या शिडीला शेजारच्या कर्नाटकात मात्र एक अपवाद आहे: कोडगूमधल्या कोडवा समाजाला आणि ‘जम्मा’ या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट मिळते, आणि २०१९ मध्ये केंद्राने ती आणखी दहा वर्षं वाढवली. शस्त्र बाळगण्याचा हक्क साऱ्या देशाला असावा अशी सूचना घटना समितीतही आली होती. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही, आणि ती नामंजूर झाली.

हात बसवायचा कुठे

घेण्याआधी चालवून बघा, हा माझा आग्रह. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला. तिथे .२२ च्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलावर शिकणाऱ्या मुली बघितल्या की चित्रपटातला पिस्तूलवाला डोक्यातून निघून जातो. उभं राहणं, श्वास, चाप हळू दाबणं, आणि लक्ष्यावर जायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर. कमरेचं पिस्तूल सांभाळायलाही हेच लागतं.

महाराष्ट्रातलं सेमी-ऑटोमॅटिकचं सगळ्यात मोठं नाव कोल्हापूरची राही सरनोबत. तिचा प्रकार २५ मीटर पिस्तूल. पात्रता फेरीच्या वेगवान भागात लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि तेवढ्यात हात वर आणून एकच गोळी. २०१३ मध्ये चांगवोनला विश्वचषकाचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय पिस्तूल नेमबाज. मग हाताची दुखापत, लांब विश्रांती, आणि २२ ऑगस्ट २०१८ ला आशियाई खेळांसाठी पालेमबांग. अंतिम फेरी संपली तेव्हा राही आणि थायलंडची नफास्वान यांगपाईबून दोघी ३४ वर. पहिल्या शूट-ऑफमध्ये दोघींचे पाचांपैकी चार. दुसऱ्यात राहीचे तीन, थायलंडचे दोन. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.